आधी कोणता गडी मागावा?

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मैदानावर हुतूतूचा डाव मांडावयाचा झाला, की मुले प्रथम गडी वाटून घेतात. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक नाव पुकारतात. ज्याचे नाव अगदी शेवटी पुकारले जाते त्याचे तोंड पाहवत नाही, हे खरेच. परंतु शिक्षक या नात्याने मी हा प्रकार वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि माझे लक्ष नेहमी म्होरक्याकडे जाते. कच्चा म्होरका आधी आपल्या जिवलग मित्राला बोलावतो. त्याहून थोडा शहाणा असतो तो सर्वांत धिप्पाड मुलाला बोलावतो. खरा हुशार म्होरका मात्र नाव पुकारण्यापूर्वी क्षणभर थांबतो आणि उरलेल्या रांगेवरून नजर फिरवतो. दम टिकवून चढाई करणारा एकच मुलगा रांगेत असेल आणि पाय धरणारे पाच असतील, तर तो चढाई करणाऱ्याला आधी मागतो. पाय धरणारा पुढच्या पाळीलाही मिळणारच असतो.

अमेरिकेत दर वर्षी ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लक्षावधी प्रौढ माणसे हेच करीत बसतात. त्या खेळाला तिकडे फँटसी फुटबॉल म्हणतात. आपण त्याला कल्पित फुटबॉल म्हणू. या खेळात गडी वाटून घेण्याचा जो प्रारंभीचा विधी असतो तो ड्राफ्ट. तो कोणत्या धोरणाने करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बेळगावच्या एका शाळामास्तराचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे थोरले बंधू गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतात. पूर्वी आमचे दूरध्वनीवरचे बोलणे दोन मिनिटांत आटपे. प्रकृती कशी, पाऊस किती, आईची औषधे चालू आहेत ना, एवढे झाले की दोन्हीकडे शांतता. त्यांच्या घरात बारा जणांचा असा एक खेळ चालतो. त्यांत दादा, मुले, सुना आणि तिकडे स्थायिक झालेले काही आप्त आहेत. 2023 साली त्यांतील एक जागा रिकामी झाली आणि पुतण्याने मला गळ घातली, "काका, तुम्ही या. पैशांचा व्यवहार काही नाही. मात्र शेवटचा नंबर येईल त्याने आजीला देवनागरीत स्वहस्ते चार पानी पत्र लिहून टपालाने पाठवायचे, एवढीच अट आहे." तिकडे वाढलेल्या मुलांना ही शिक्षा किती जबर वाटते याची कल्पना आपल्याला सहज येईल. मी होकार दिला.

आता खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लंबगोल. तो हातात धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा गडी असतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो. चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेला म्हणजे टचडाउन झाला. चेंडू फेकणारा व सर्व डाव चालविणारा तो क्वार्टरबॅक. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा तो रनिंग बॅक. दूर धावत जाऊन फेक झेलणारा तो वाइड रिसीव्हर. आणि थोडे झेलणारा, थोडे धक्के खाणारा व देणारा तो टाइट एंड. तिकडच्या राष्ट्रीय संघटनेत 32 संघ आहेत आणि 2021 पासून प्रत्येक संघ 18 आठवड्यांत 17 सामने खेळतो.

कल्पित फुटबॉलमध्ये आपण या 32 संघांतून हवे ते खेळाडू निवडून कागदावरचा आपला एक संघ बनवावयाचा. ते खेळाडू रविवारी प्रत्यक्ष मैदानावर जे करतील त्याचे आपल्याला गुण मिळतात. सर्वसाधारण प्रघात असा, की पळून किंवा झेलून मिळवलेल्या दर 10 यार्डांना 1 गुण आणि त्या रीतीच्या टचडाउनला 6 गुण. फेकीच्या दर 25 यार्डांना 1 गुण आणि फेकीच्या टचडाउनला 4. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक झेलालाही 1 गुण असतो. एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, क्वार्टरबॅक सोडून यांपैकी कोणताही चालेल असा एक मोकळा गडी, शिवाय लाथेने गोल करणारा एक आणि एखाद्या संघाची सबंध बचावफळी, असा आठवड्याचा संघ मांडतात. बाकीचे राखीव. एक खेळाडू एकाच मालकाकडे असतो, आणि म्हणूनच निवडीला एवढे महत्त्व येते.

निवड नागमोडी पद्धतीने होते. पहिल्या फेरीत एक ते बारा असा क्रम, दुसऱ्या फेरीत उलट बारा ते एक, तिसऱ्या फेरीत पुन्हा सुलट. ज्याची पहिली पाळी त्याला पहिले नाव मिळते, पण दुसऱ्यासाठी चोविसाव्या पाळीपर्यंत थांबावे लागते. मधल्या काळात बावीस नावे निघून जातात. ही बावीस नावे या खेळातील सगळ्या विचारांचे मूळ आहेत. ते मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

न्यू जर्सीतील शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची पहाट. साडेपाचला, मिस्सेला जाण्यापूर्वी, मी चहाचा पेला घेऊन बसलो. चिठ्ठ्यांत माझी नववी पाळी आली होती. म्हणजे माझी पुढची नावे सोळावे व तेहेतिसावे. सोळाव्या पाळीला मी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स घेतला. त्या पंथातील मला ठाऊक असलेले ते एकमेव नाव होते आणि तो मिळाल्याचा मला केवढा आनंद झाला! डेट्रॉइटचा रिसीव्हर अमन-रा सेंट ब्राउन त्या वेळी शिल्लक होता. त्याच्याकडे मी पाहिलेही नाही. पुतण्याने पुष्कळ उशिरा, बहुतेकांचे लक्ष उडाल्यावर, ग्रीन बेचा जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला.

त्या मोसमात माहोम्सने 4,183 यार्ड फेक केली व 27 टचडाउन दिले. लव्हने 4,159 यार्ड व 32 टचडाउन. म्हणजे माझ्या सोळाव्या पाळीची वस्तू पुतण्याला जवळजवळ फुकट मिळाली, तीही किंचित सरस. इकडे सेंट ब्राउनने 119 झेल, 1,515 यार्ड आणि 10 टचडाउन केले. आमच्या नियमांप्रमाणे त्याचे सुमारे 330 गुण झाले. त्याच्या जागी मी ज्याला पुढे घेतले त्याला त्याच्या निम्मेही गुण मिळवता आले नाहीत. मी बारावा आलो.

आई माझ्याजवळच असते. तिचे अंथरूण माझ्या शेजारच्या खोलीत आहे. तरीही नियम तो नियम. मी चार पाने लिहिली, तिकीट लावले आणि टाकली पेटीत. दोन दिवसांनी ते पत्र हातात घेऊन आई म्हणाली, "अरे, हे हाकेवर सांगता आले नसते का?" पण तिने ते जपून ठेवले आहे.

माझ्या चुकीला मोठी परंपरा आहे, हे मला मागाहून कळले. हा खेळ निघाला तो 1962 साली. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख हे संघाबरोबर न्यू यॉर्कला गेले असताना तेथील हॉटेलात त्यांनी दोन सोबत्यांसह याचे नियम रचले. त्या वर्षी रेडर्सने 14 पैकी 13 सामने गमावले होते. तेव्हा प्रत्यक्षापेक्षा कल्पनेतला संघ बरा, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पहिली निवड 1963 च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाख यांच्या घरी झाली. आठ मालक होते. या खेळाच्या इतिहासात सर्वप्रथम पुकारले गेलेले नाव ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक जॉर्ज ब्लँडा याचे होते. त्याच्या मागून दुसरे नाव आले ते क्लीव्हलंडच्या जिम ब्राउनचे, आणि त्या मोसमात ब्राउनने 14 सामन्यांत 1,863 यार्ड पळण्याचा विक्रम केला! ब्लँडा लाथेने गोलही करीत असे, त्यामुळे ती निवड अगदीच अविचाराची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि क्वार्टरबॅकच्या मोहाने माणसे पहिल्या दिवसापासून घसरत आली आहेत, एवढे खरे.

हा मोह कसा उत्पन्न होतो? क्वार्टरबॅकला एकूण गुण सर्वांत जास्त मिळतात, म्हणून. येथे थोडे गणित करू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, सर्वोत्तम क्वार्टरबॅक मोसमात 380 गुण मिळवील आणि बाराव्या क्रमांकाचा 300. बारा मालकांना प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक लागतो. म्हणून आपण अगदी शेवटी घेतला तरी बाराव्याच्या आसपासचा मिळेल. म्हणजे सर्वोत्तमाला आधी घेऊन झालेला फायदा 80 गुणांचा. आता रनिंग बॅक घ्या. सर्वोत्तम 320 मिळवील असे धरू. प्रत्येकाला दोन लागतात, म्हणजे बाजारातून चोवीस जाणार. आणि चोविसावा समजा 160 मिळवील. येथील फायदा 160 गुणांचा! 380 हे 320 पेक्षा मोठे आहेत, यात वाद नाही. परंतु निवडीच्या क्षणी मोल ठरते ते वस्तूवरून नव्हे, तर ती न घेतल्यास तिच्या जागी जे पदरात पडेल त्याच्याशी असलेल्या अंतरावरून. दुष्काळात पाण्याच्या घागरीला मोल येते ते असेच. तळ्याकाठी तिला कोणी विचारीत नाही.

हे एकदा नीट ध्यानात आले, की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. लाथ मारणारा आणि बचावफळी शेवटच्या दोन फेऱ्यांत का घ्यावी? कारण पाचवा आणि पंधरावा यांतील अंतर अल्प असते व ते आधी ओळखता येत नाही. टाइट एंड एरवी उशिरा का घेतात आणि एखाद्या वर्षी आधी का? तर 2022 साली कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीने 110 झेल, 1,338 यार्ड व 12 टचडाउन केले, आणि झेलाला गुण देणाऱ्या नियमांत दुसऱ्या क्रमांकाच्या टाइट एंडला जवळजवळ शंभर गुणांनी मागे टाकले. त्याला लवकर घेणाऱ्यांनी दर आठवड्याला शेजाऱ्यावर सहा गुणांची आघाडी घेऊनच खेळास सुरुवात केली. मात्र हेच पाहून ज्यांनी 2023 साली त्याला पहिल्या फेरीत घेतले त्यांना 984 यार्ड आणि 5 टचडाउनांवर समाधान मानावे लागले. गतवर्षीची दरी यंदा असेलच असे नाही. सर्व आकडे अंदाजाचे असतात, आणि अंदाज करणाराही माणूसच असतो.

म्हणून जाणते खेळाडू एकेरी क्रमाची यादी करीत नाहीत, पंक्ती लावतात. समान योग्यतेचे चार-पाच गडी एका पंक्तीत, नंतर एक रेघ, मग पुढची पंक्त. प्रत्येक जागेसाठी असा वेगळा कागद. आपली पाळी आली म्हणजे पाहावयाचे ते एवढेच, की कोणत्या कागदावरची पंक्त माझ्या पुढच्या पाळीपर्यंत संपून जाईल? रिसीव्हरांच्या पंक्तीत सहा जण शिल्लक असतील आणि रनिंग बॅकांच्या पंक्तीत एकच, तर तो एक घ्यावा. रिसीव्हर येताना मिळेल. पण मधल्या मालकांकडेही पाहावे लागते. माझ्यानंतर पाळी असलेल्या तिघांनी आपापले क्वार्टरबॅक आधीच घेतले असतील, तर ते सहसा दुसरा घेणार नाहीत आणि मी निर्धास्त थांबू शकतो. उलट एकदा टाइट एंडांची पळवापळवी सुरू झाली, की पंक्त संपल्यावर तिच्या शेपटाशी उभे राहण्यात शहाणपण नसते. तेथे दुसरीकडे वळावे, कारण सर्वजण इकडे लोटल्यामुळे तिकडे काहीतरी चांगले हटकून मागे राहिलेले असते. वर्गात एका मुलाने हात वर केला की सगळे हात वर करतात. आमच्या त्या बारा प्रौढांत मला माझा आठवीचा वर्ग पुष्कळदा दिसला.

आता धोरणांची जी नावे तिकडे ऐकू येतात त्यांविषयी. 2012 साली जे. जे. झकारियासन यांनी क्वार्टरबॅक अखेरच्या फेऱ्यांत घ्यावा असे प्रतिपादन करणारे एक पुस्तकच लिहिले. वर केलेल्या गणितावरून त्यांचे म्हणणे आपल्याला पटण्यासारखे आहे. 2019 साली बॉल्टिमोरचा लामार जॅक्सन अशाच मागच्या फेऱ्यांत पडून होता. त्याने 36 टचडाउन फेकले आणि शिवाय 1,206 यार्ड पळून काढले. पळण्याच्या दर दहा यार्डांना एक गुण असल्यामुळे नुसत्या पळण्याचे त्याचे 120 गुण झाले. फेकून तेवढे गुण मिळवावयाचे तर 3,000 यार्ड लागतात! तेव्हापासून पळणाऱ्या क्वार्टरबॅकांचा भाव चढला आणि जुन्या उपदेशाला थोडी मुरड घालावी लागली. पळणारे दोन-चार वेगळ्या पंक्तीचे, बाकीचे थांबून घेण्याचे, असा आजचा बेत आहे.

दुसरे धोरण अधिक धाडसाचे. त्याचे नाव झिरो आरबी, म्हणजे पहिल्या चार-पाच फेऱ्यांत एकही रनिंग बॅक घ्यावयाचा नाही. 2013 साली ते मांडले गेले तेव्हा ते वेडेपणाचे वाटले होते, कारण दुर्मीळ असलेलाच माल सोडून देण्यास ते सांगते. त्यामागील विचार असा आहे. रनिंग बॅकवर दर सामन्यात वीस-वीस वेळा चार-पाच धिप्पाड माणसे कोसळतात. तो मोडतो. तो मोडला म्हणजे त्याचे काम दुसऱ्या, काल कोणाला ठाऊकही नसलेल्या गड्याकडे येते, आणि असे गडी मोसमाच्या मध्यावर कोणाच्याही संघात नसतात, ते तसेच उचलता येतात. तेव्हा मौल्यवान पाळ्या टिकाऊ रिसीव्हरांवर खर्चाव्या आणि रनिंग बॅकांच्या जागी हाताशी पाच-सहा स्वस्त उमेदवार बाळगावे. कोणाची तरी मोडतोड आपल्या पथ्यावर पडेलच. ही दुसऱ्याच्या दुखण्यावर टपून बसण्याची वृत्ती मला मनापासून आवडत नाही. ती आकड्यांत मात्र बसते. लॉस एंजलिसचा किरेन विल्यम्स 2023 साली बहुतेक ठिकाणी निवडलाच गेला नव्हता. त्याने 12 सामन्यांत 1,144 यार्ड काढले.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे पहिल्या फेरीत एक भरवशाचा रनिंग बॅक घ्यावा, मग सलग रिसीव्हर घ्यावे आणि दुसरा बॅक पुष्कळ उशिरा पाहावा. माझा कल याच्याकडे आहे. नवख्याने तरी याच वाटेने जावे. परंतु कोणतेही धोरण ठरविण्याआधी आपल्या गटाचे नियम वाचावे. झेलाला गुण असतील तर रिसीव्हर वर चढतात, नसतील तर बॅक. दोन क्वार्टरबॅक मांडण्याची मुभा असेल तर मी वर सांगितलेले सगळे गणित उलटते, कारण मग बाराऐवजी चोवीस लागतात आणि 32 संघांकडे तेवढे धड नसतात. मुले प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरे लिहू लागतात म्हणून मी त्यांच्यावर रागावतो. 2023 साली मी स्वतः नियमांचा कागद उघडूनही पाहिला नव्हता.

निवडीऐवजी लिलाव करण्याचीही पद्धत आहे. प्रत्येकाजवळ बहुधा 200 कल्पित डॉलर असतात आणि कोणीही कोणावरही बोली लावावी. 2008 पासून आपल्याकडील आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्यांना त्याची कल्पना सहज येईल. तेथे पाळीचा प्रश्न राहत नाही, संयमाचा राहतो. आपल्या देशात क्रिकेटवरील असे कल्पित खेळ पैसे लावून फार बोकाळले होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आईला पत्र, एवढीच पैज असलेला आमचा खेळ त्यात बसत नाही, असे मी समजतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी कागदांवर रेघा मारून पहाटे बसलो. पाळी आठवी होती. दादांनी फोनवर दोनदा विचारले, "कोण घेणार आहेस?" मी सांगितले नाही. पहिली पाळी पुतण्याची होती. त्याने सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिश्चन मॅकॅफ्री घेतला. त्या जागी मी असतो तर मीही त्यालाच घेतले असते. आदल्या वर्षी तो 1,459 यार्ड पळून संघटनेत पहिला आला होता आणि त्याच्या नावावर 21 टचडाउन होते. मी आठव्या पाळीला फिलाडेल्फियाचा सॅक्वॉन बार्कली घेतला, पुढे रिसीव्हर, आणि क्वार्टरबॅकची वाट पाहत पाहत थेट बाराव्या फेरीत टँपाचा बेकर मेफील्ड. मध्यंतरी दोनदा माझा धीर सुटत आला होता. नामवंत क्वार्टरबॅक एकामागून एक जात होते आणि माझी ती जागा कोरी होती.

बार्कली 2,005 यार्ड पळाला. मेफील्डने 4,500 यार्डांसह 41 टचडाउन फेकले. मॅकॅफ्री दुखापतींमुळे अवघे चार सामने खेळला आणि त्याला एकही टचडाउन करता आला नाही. बार्कलीही रनिंग बॅकच. तोही मोडू शकला असता, आणि मग मी आज आपल्यापुढे निराळ्या सुरात बोललो असतो. माझ्या रिसीव्हरांनी घात केला म्हणून मी चौथा आलो. पुतण्या बारावा.

2025 च्या जानेवारी अखेरीस आईला न्यू जर्सीहून लिफाफा आला. चार पाने, पेन्सिलीने आखून घेतलेल्या ओळी, 'ळ' सगळीकडे उलटा. दुसऱ्या पानावर त्याने मॅकॅफ्रीच्या दुखापतींची सविस्तर हकीकत लिहिली होती. आईने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि विचारले, हा मुलगा कोणाच्या घरचा, आणि आता त्याचा पाय बरा आहे का.